आक्काला वेडी ठरवताना

माझी मोठी नणंद वेडी आहे, हा शोध माझ्या भासऱ्यांना, म्हणजे मोठ्या दिरांना, आणि नवऱ्याला ती चाळिशीला टेकली तेव्हा लागला. तोवर ती फक्त बहिरी होती.

लहानपणी तापात तिचे कान गेले आणि कानांमागोमाग बोलणंही राहून गेलं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, म्हणजे तिच्याबद्दल एकमेकांशी बोलताना. तिला हाक मारण्यात अर्थ नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हा दोघे भाऊ अगदी लहान होते. गोंदियाकडच्या त्या खेड्यात आक्कानेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतात, नेऊन बसवलं, बडवलं आणि वाढवलं. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढला नाही. काढला असता तर घरात रांधलं कोणी असतं?

भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा आधी भासरे तिकडे गेले. मागून माझा नवरा गेला. एक ब्लास्ट फर्नेसवर लागला, दुसरा कोक ओव्हनमध्ये. लोखंड वितळवणाऱ्या या दोन मर्दांना पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याला वरण शिजवता येत नाही. मग गावाहून आक्काला आणलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गावी एकटे राहिले आणि थोड्या काळाने वारले. पुढे भासऱ्यांचं लग्न झालं, मग आमचं, आणि मी त्या घरात आले.

क्वार्टर भासऱ्यांच्या नावावर होतं. दोन खोल्या, मागे आंगण, पुढे लाल मुरमाचा रस्ता. सेक्टर अर्धाच बांधून झाला होता. आमच्या रांगेला छतं होती, पुढच्या रांगेला नुसते नंबर. त्या दोन खोल्यांत भासरे, जाऊबाई, त्यांची पोरं, आम्ही दोघं आणि आक्का. आक्का स्वयंपाकघरात झोपायची आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून ठेवायची. कोठीची किल्ली मागायला जाऊबाईंनासुद्धा तिच्यापुढे हात पसरावा लागे, आणि ती दरवेळी द्यायचीच असं नाही.

त्या काळी सुनेने भासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नसे. त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नसे. भासऱ्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगायचे. "उद्या डबा लवकर पाहिजे होता बाप्पा," असं भिंतीकडे बघून म्हणायचे. भिंत काही डबा करायची नाही. शेवटी ते आक्काला खुणा करायचे, आक्का आत येऊन मला खुणा करायची, मी तिला उत्तर द्यायची आणि ती ते बाहेर नेऊन द्यायची. धडधाकट जिभा असलेल्या दोन माणसांमध्ये निरोप्याचं काम त्या घराने मुक्या बाईला दिलं होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

असं करता करता मी तिचं बोलणं शिकले. सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. भासऱ्यांची खूण म्हणजे तोंड वासून बोंब ठोकणं, कारण लहानपणी ते सारखे रडायचे. माझ्या नवऱ्याची खूण म्हणजे मनगटाने नाक पुसणं. ते कोक ओव्हनमध्ये पक्के कामगार झाले तरी आक्काच्या लेखी त्यांचं नाक वाहातच होतं. माझी खूण होती नाकासमोर हात हलवून तोंड वाकडं करणं. आल्या दिवशी मी भात करपवला होता. तो एक भात सोडला तर पुढे मी चांगला स्वयंपाक केला, पण नाव काही बदललं नाही.

आक्का गरीब गाय होती असं कोणी समजू नये. ती भांडखोर होती, हट्टी होती, तपकीर ओढायची आणि भाजीवाल्याला टोपलीतली वांगी उलटीपालटी करून रडकुंडीला आणायची. पोरांना मारण्यात तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चपळ होता.

मग एक क्वार्टरची बातमी आली. आमच्या यांना स्वतःचं क्वार्टर मिळायची वेळ जवळ आली होती आणि भासऱ्यांना आहे त्याहून मोठं हवं होतं. पॉवर हाऊस बाजारातल्या चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं की ज्याच्याकडे कोर्टाने एखादं अपंग माणूस सांभाळायला सोपवलं असेल, त्याला नव्या सेक्टरात खालच्या मजल्यावर तीन खोल्या मिळतात. सांगणाऱ्याने ते दुसऱ्याकडून ऐकलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. ऑफिसात जाऊन विचारून यावं असं दोघा भावांना वाटलं नाही. विचारलं तर बातमी फुटेल आणि साऱ्या भिलाईतले लोक आपापले लंगडे काका घेऊन रांगेत उभे राहतील, ही त्यांना भीती.

त्या दिवसापासून आक्काचे दिवस पालटले. भासऱ्यांनी तिला नवं लुगडं आणलं. दुसऱ्या दिवशी यांनी जिलबी आणली. मग भासऱ्यांनी तपकिरीची डबी आणली. आक्काने जिलबी खाल्ली, तपकीर ओढली आणि मला खुणेने विचारलं, "कोण मेलं?"

दोघे भाऊ दुर्गला एका वकिलाकडे गेले. आल्यावर यांनी मला सगळं सांगितलं, मोठ्या उत्साहाने. वकील म्हणाला होता की बहिऱ्या माणसाला पालक नेमायची सोय कायद्यात नाही. प्रौढ माणसाला पालक मिळतो तो वेडा असला तर. तेव्हा आधी बहिणीला वेडी ठरवावं लागेल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? अर्ज देऊन टाकला. दोघांच्या नावाचा. पालक एक नेमायचा की दोन, ते कोर्टातला साहेब ठरवीन."

"आक्काले तुमी वेडी म्हणून राह्यले?"

हे दुखावले. "कागदावर म्हणून राहिलो. घरात कोण म्हणून राहिला?"

आणखी एक अडचण होती, तीही त्यांनी सांगितली. ज्याच्या नावावर काही मालमत्ता आहे अशाच वेड्याला कोर्ट पालक नेमतं. नंग्या वेड्याची कोर्टाला काळजी नाही. दोघे भाऊ वकिलापुढे हिरमुसले. तेव्हा वकिलानेच विचारलं, "वडील कधी वारले?" बहिणींनाही वाटा देणारा कायदा झाल्यानंतर, हे कळताच तो खुश झाला. म्हणाला, मग गावच्या शेतात बहिणीचाही हिस्सा आहे की! दोघा भावांना ही बातमी नवीन होती. आवडली नाही, पण तीन खोल्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांनी शपथेवर लिहून दिलं की गावच्या धानाच्या बांध्यांमध्ये आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडांमध्ये आमच्या बहिणीचा आमच्याइतकाच वाटा आहे, आणि ती वेडी आहे. दोन्ही वाक्यांखाली सह्या केल्या.

"अन् वाटा मागतला तिनं तं?" मी म्हटलं.

"कशी मागीन? वेडी आहे ना थे!" हे म्हणाले. एवढा सरळ विचार मी त्यांना परत कधी करताना पाहिला नाही.

कायदा असा न्यायी की ज्याला वेडा ठरवायचं त्यालाच आधी लेखी कळवतो. कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन आला तेव्हा आक्का त्याच्याकडे पाठ करून आंगण झाडत होती. त्याने तिचं नाव पुकारलं. मग मोठ्याने पुकारलं. मग इतक्या जोरात पुकारलं की शेजारच्या रांगेतून बायका बाहेर आल्या. आक्का झाडत झाडत त्याच्या पायांपर्यंत आली, पाय बघितले, आणि झाडूने त्याला बाजूला सरकायची खूण केली. मी पळत जाऊन कागद घेतला. हिंदीत होता, पण अक्षरं आपलीच. तू वेडी आहेस असं तुझ्या भावांचं म्हणणं आहे, त्यावर तुझं काय म्हणणं आहे ते अमक्या दिवशी हजर राहून सांग, असा त्याचा अर्थ होता.

मी काय करणार? चौथी पास बाई, डोक्यावर पदर, पोटात पहिलं मूल. पण त्याच आठवड्यात मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथे दुर्गहून एक वकिलीणबाई यायच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या दुर्गलाच होतं. त्या आमच्याशी बोलायच्या ते पुस्तकातलं मराठी, आणि कामवालीशी बोलायच्या ती अस्सल छत्तीसगढी. मी त्यांच्या हातात वाण देता देता सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "उद्या त्यांना घेऊनच या घरी. आमच्याकडचे बसलेलेच असतात."

यांना मी सांगितलं की दाई बघायला दुर्गला जाते, आक्का सोबत येईल. बसने गेलो. वकिलीणबाईंचे वकील यजमान म्हातारे होते, त्यांना ऐकू फारच कमी यायचं. मी एक वाक्य सांगितलं की ते कानामागे हात धरून "काय?" विचारायचे. सगळं ओरडून सांगावं लागलं. गुपित सांगायला आले होते, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

शेवटी ते म्हणाले, "ठीक. हे तुमचं म्हणणं झालं. यांचं काय म्हणणं आहे?"

"यांचं म्हंजे?"

"म्हणजे यांचं." त्यांनी आक्काकडे बोट दाखवलं. "वकीलपत्र मी यांचं घेणार, तुमचं नाही. यांना विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. मी आक्काकडे वळून हातांनी सगळी गोष्ट सांगितली: बोंब मारणारा आणि नाक पुसणारा मिळून साहेबाला सांगताहेत की तुझं डोकं फिरलंय. डोक्याजवळ बोट फिरवायची खूण तिला माहीत होती. ती खूण ती स्वतः भाजीवाल्याला रोज करायची. तिने दोनदा माझ्याकडून खात्री करून घेतली. मग तिचा चेहरा असा लाल झाला की म्हातारे वकील खुर्चीत मागे सरकले. तिने विचारलं, साहेब कुठे बसतो? मला त्याच्यासमोर न्या.

"जायचं म्हणते कोर्टात," मी ओरडले.

"उत्तम," वकील म्हणाले आणि वकीलपत्रावर तिचा अंगठा घेतला.

घरी कळल्यावर जे व्हायचं ते झालं. भासरे भिंतीला खूप काही बोलले. यांनी ताट ढकललं. "माह्या बायकोनं माह्यावर वकील लावला," असं हे म्हणत राहिले. मी म्हटलं, माझा नाही, आक्काचा. त्यांना तो फरक कळेना. खरं सांगायचं तर वकिलांनी सांगेपर्यंत मलाही कळला नव्हता.

तारखेला सगळे एकाच बसने गेलो. भाऊ पुढे बसले, आम्ही मागे. आक्का भासऱ्यांनी आणलेलं नवं लुगडं नेसली होती.

साहेब जाडे होते, घामेजलेले होते आणि हिंदी बोलत होते. पहिला प्रश्न आला तो दुभाष्याचा. बाईशी बोलायचं कसं? ते दिवस असे होते की भिलाईत ज्याच्यात्याच्या तोंडी दुभाष्याचाच विषय. कारखाना उभारायला आलेले रशियन साहेब कुठेही जावोत, मागे त्यांचं बोलणं हिंदीत सांगणारा एक जण चालत असायचाच. भावांचा वकील उठून म्हणाला, "हुजूर, रशियन भाषेचा पाहिजे तेवढा मिळेल, हातांच्या भाषेचा कोणी नाही." सगळे हसले. मग तो म्हणाला की तशी काही गरजही नाही, बाईच्या खुणा तिचे भाऊ चांगल्या जाणतात, तेच सांगतील.

हे वाक्य आमच्या म्हाताऱ्या वकिलांना नेमकं ऐकू आलं. ते उठले. "म्हणजे ती बोलते आणि यांना समजतं? अर्जात तर लिहिलंय की तिला काही कळत नाही आणि तिचं कोणाला कळत नाही."

भावांच्या वकिलाने घाईघाईने फिरवलं: भावांना खुणा येत नाहीत, थोरल्याला नाही, धाकट्यालाही नाही. मग कोणाला येतात? उत्तर एकच होतं. अर्जदाराची बायको दुभाषी कशी चालेल, यावर बराच वेळ वाद झाला. पण दुसरं कोणीच नव्हतं. मला शपथ दिली. ज्या भासऱ्यांपुढे मी लग्न झाल्यापासून एक शब्द उच्चारला नव्हता, त्यांच्यापुढे भर कोर्टात उभी राहून मी बोलणार होते. मी पदर नाकापर्यंत ओढला. साहेब म्हणाले, चेहरा दिसू द्या. मी पदर वर केला आणि भासऱ्यांकडे पाठ केली.

आधी भासऱ्यांची साक्ष झाली. आपल्या वकिलाला त्यांनी सगळं पढवल्यासारखं सांगितलं: बहीण उगाच हसते, रागावते, पोरांना मारते, तिला सांभाळणं मोठं कठीण आहे. मग आमचे वकील उठले आणि अगदी साध्या गोष्टी विचारायला लागले.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"तीच करते."

"चूल पेटवायला देता वेडीला?"

भासऱ्यांनी आपल्या वकिलाकडे बघितलं.

"कोठीची किल्ली?"

"तिच्यापाशी."

"पहाटेच्या पाळीला जाता तेव्हा उठवतं कोण?"

"तीच उठवते."

"कारखान्याचा भोंगा वाजतो ना? त्याने जाग नाही येत?"

"नाही येत साहेब, झोप गाढ हाय माही."

"म्हणजे भोंगा तुम्हाला ऐकू येत नाही, तिला येतो!" वकील म्हणाले. पुन्हा सगळे हसले, या वेळी दुसऱ्या बाजूने.

नंतर साहेबांनी विचारलं की बाईला सांभाळायला दिलंच तर ती राहणार कोणाकडे? भासरे म्हणाले, माझ्याकडे. माझा नवरा बाकावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याकडे. साहेबांनी त्यालाही बोलावलं. मग दोघे भाऊ एकाच अर्जाचे धनी आहेत हे विसरले. हे म्हणाले, दादा आक्काला बाजेवर झोपू देत नाही, चुलीपाशी झोपवतो. भासरे म्हणाले, हा तिच्या तपकिरीत राख मिसळायचा. हे म्हणाले, तेव्हा मी पोट्टा होतो. भासरे म्हणाले, अजून आहेस. त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

शेवटी आक्काची पाळी आली. साहेबांनी मला विचारायला सांगितलं, "इनसे पूछिए, ये दोनों कौन हैं?"

मी खुणेने विचारलं. आक्काने भासऱ्यांकडे बोट करून तोंड वासलं, आणि यांच्याकडे बोट करून मनगटाने नाक पुसलं.

"क्या कहा?"

मी शपथ घेतली होती. "साहेब, बडे का नाम रोनेवाला, छोटे का नाम... जिसकी नाक बहती है."

लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर करून विचारलं, हे लिहायचं का? साहेब म्हणाले, लिहा.

मग त्यांनी विचारलं की तुम्हाला पालक पाहिजे का. इथे मी अडले. पालक या शब्दाची खूणच आमच्यात नव्हती. घरात कधी लागलीच नव्हती. मी हातात काठी धरल्यासारखं करून ढोरं वळणारा दाखवला. आक्का संतापली. तिने विचारलं, मी म्हैस आहे का? ते मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नीट समजावा. मग मी तिला सांगितलं: एक माणूस, तुझ्या किल्ल्या तो ठेवणार, तुझं सगळं तो बघणार, तू कुठे राहायचं तो सांगणार. किल्ल्यांपर्यंत आले तोच तिने कंबरेचा जुडगा मुठीत धरला आणि कोर्टभर नजर फिरवली, कोण येतो घ्यायला बघते अशी. मग दुसऱ्या हाताने ती जे बोलली ते मी सगळं सांगितलं नाही. साहेबच म्हणाले, "बस, समझ गए."

आमच्या वकिलांनी शेवटी एवढंच म्हटलं की ऐकू न येणं म्हणजे वेड असेल तर हुजूर, मलाही कोणाच्या तरी ताब्यात द्यावं लागेल. साहेब म्हणाले, तुमच्या बाबतीत ही शंका आम्हाला फार दिवसांपासून आहे. आणि अर्ज फेटाळून टाकला.

घरी परतल्यावर यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काही हवं असलं की आक्काला खुणा करायचे. म्हणजे आता मला नवऱ्याचेही निरोप तिच्यामार्फत येऊ लागले.

काही दिवसांनी भासऱ्यांनी अखेर ऑफिसात जाऊन तीन खोल्यांच्या नियमाची चौकशी केली. तिथला बाबू म्हणाला की असा नियम नाही, कधी नव्हता, असता तर मीच माझ्या सासूला गावाहून घेऊन आलो असतो. भासरे घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. 

पण खरी गंमत पुढे झाली. शेताची गोष्ट मी आक्काला सांगितली ती कोर्टाचा दिवस उलटून गेल्यावर, निवांतपणे. तिला माहीतच नव्हतं. मी हाताने बांधी दाखवली, धान दाखवला, मोहाचं झाड दाखवलं, बोटांनी तीन वाटे पाडले आणि एक वाटा तिच्या छातीवर ठेवला. ती कितीतरी वेळ आपल्या छातीकडे बघत होती. मग तिने विचारलं, कोणी सांगितलं? मी तोंड वासलं आणि नाक पुसलं. तिला हसू आवरेना. हसत हसत ती आंगणात गेली, परत आली, पुन्हा हसली. त्या क्षणी कोणी बघितलं असतं तर वेडीच म्हटलं असतं.

तिचा वाटा मागायला आम्ही पुन्हा दुर्गला गेलो. म्हातारे वकील म्हणाले, काम सोपं आहे, भावांनीच शपथेवर लिहून दिलंय. वेडी असल्याचं त्यांचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही, पण मालकीण असल्याचं त्यांनीच कबूल केलंय, आणि ते आता गिळता येत नाही. भासऱ्यांनी गिळून बघायचा प्रयत्न केला. त्यांच्याच वकिलाने त्यांना बाहेर काढलं.

मला वाटलं होतं, आक्का आता आमच्याकडे राहील. आम्हाला साधं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, माझं बाळंतपण जवळ आलं होतं, मी मनात तिची जागासुद्धा ठरवली होती: खिडकीजवळ, बाजेवर, चुलीपासून लांब. मी तिला ते घर दाखवायला नेलं. तिने खिडकी बघितली, बाज बघितली, माझं पोट बघितलं. मग नाकासमोर हात हलवून माझं नाव घेतलं आणि मान हलवली. तुझ्याकडेही नाही. तिने खाली जमिनीकडे बोट केलं, नाही म्हटलं, आणि दूर हात करून धान कापल्याची खूण केली.

मी फार रडले. तिच्यासाठी मी नवऱ्याशी वैर घेतलं होतं, भासऱ्यांपुढे पदर वर केला होता, आणि ही चालली गावाला! म्हाताऱ्या वकिलांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता तुम्हीही एक अर्ज देता का?" मी चूपचाप बस धरून घरी आले.

आक्का गेली. किल्ल्यांचा जुडगा तिने जाऊबाईंच्या हातात दिला, पण तपकिरीची डबी सोबत नेली. भासऱ्यांची पहाटेची पाळी दोन दिवस हुकली, तिसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ आणलं. दोन्ही घरांतल्या बायकांना कळलं की एक वेडी बाई किती कामं करत होती. जाऊबाई म्हणाल्या, "मायबाई, हे दोघं वेडे झाले असते तं बरं झालं असतं. कामाले तरी काही फरक नसता पडला."

गावी आक्काने मामाजींच्या घराची एक खोली आणि आपल्या बांध्या ताब्यात घेतल्या. पेरणी-कापणीला ठेकेदार बघायची, त्याच्याशी भांडायची. दरवर्षी नवा तांदूळ निघाला की दोन्ही भावांकडे एकेक पोतं पाठवायची. हे पोतं उतरवून घेताना म्हणायचे, "आक्काचं डोकं पयलेपासूनच चांगलं." भासरे भात दोनदा मागून घ्यायचे.

काही वर्षांनी गावाहून निरोप आला की आक्काने शेजाऱ्यावर धुऱ्याचा खटला भरलाय, गोंदियाच्या कोर्टात, आणि दुभाषी म्हणून तिने मला मागितलंय. माझं मूल शाळेत जायला लागलं होतं. मी गेले. बघते तर चूक सगळी आक्काचीच. धुरा तिने स्वतः रात्रीतून सरकवला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि साहेबांच्या ते अर्ध्या तासात लक्षात आलं. मी शपथेवर तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिचं म्हणणं ठार खोटं होतं, पण ते तिचं होतं. ती हरली. साहेब तिला रागावले, जसे कोणत्याही खोटं बोलणाऱ्या शहाण्या माणसाला रागावतात. तिचं डोकं ठिकाणावर आहे का, असं त्या दिवशी कोणाच्याही मनात आलं नाही.

बाहेर झाडाखाली बसून आम्ही शिदोरी सोडली. आक्काने तपकीर ओढली, डोळे पुसले, आणि मला खुणेने विचारलं, या साहेबाच्या वर कोणी बसतो का?

मी म्हटलं, बसतो. भंडाऱ्याला.

आणि त्याच्यावर?

नागपूरला.

तिने पदर खोचला आणि मला उठायची खूण केली.